सातपूरचा खटका

मी तिथं शिपाई होतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी वाटू द्यावं. मी शिपाई नव्हतो. माझ्या हातात खटका होता. त्या खटक्यापुढं मालकाचंसुद्धा चालत नव्हतं, आणि ज्या माणसानं तो माझ्या हातात दिला त्याच्याबद्दल मी लिहितोय. शाळेत मी चौथीत बसलो आणि चौथीतूनच उठलो, त्यामुळं लिहिताना चुकत असेन. नात वाचून नाक मुरडते. तिला म्हणलं, काना-मात्रा तू बघ, बाकीला हात लावू नको.

आमचं सेंटर सातपूरला, स्प्रिंगा बनवणाऱ्या एका वर्कशॉपच्या माडीवर होतं. काम एकच, ऐकायचं. पतपेढीच्या तिजोरीला, सराफाच्या शटरला, पिंपळगाव-दिंडोरीकडच्या द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजला आम्ही एक लोखंडी पेटी बसवायचो. शटर फोडलं, तिजोरीला हात लागला, कोल्ड स्टोरेजातला गारवा उतरला, की ती पेटी आपणहून टेलिफोन लावायची. तो फोन आमच्या मशीनवर यायचा. मशीन कागदाच्या पट्टीवर त्या जागेचा नंबर कर्रकन छापायचं आणि समोर बसलेलं माणूस पोलिसांना, मालकाला, ज्याला कळवायचं त्याला कळवायचं. रात्रंदिवस हेच. आता लोकांच्या पेट्या आम्हाला हाका मारणार हे ठीक, पण आमचंच मशीन बंद पडलं तर? हे सेंटर उभं करणाऱ्या आमच्या साहेबांचं सगळं आयुष्य या एका प्रश्नात गेलं.

साहेब दोन घड्याळं घालायचे. डाव्या हातात किल्लीचं, उजव्या हातात सेलचं. दोन्ही सेलची का नाही, असं कोणी विचारलं की म्हणायचे, "सारख्या दोन म्हणजे एकच." खिशाला शाईचं पेन आणि त्याच्या शेजारी शिसपेन्सिल, कारण शाई पावसात पसरते. पँटीला चामड्याचा पट्टा, आणि आत शिंप्याकडून मुद्दाम नाडी घालून घेतलेली. हे मला कसं माहीत विचारू नका, एकदा शिडीवर पट्टा तुटला तेव्हा मी खाली उभा होतो. साहेब वरून म्हणाले, "बघा मिस्त्री, नाडीनं आज काम केलं." लाज वगैरे काही नाही, आनंद झालेला.

खालचे वर्कशॉपवाले चेष्टा करायचे. सगळं दोन-दोन आहे तर बायको एकच कशी, म्हणून त्यांनी एकदा विचारलं. साहेबांनी खरोखर विचार केला आणि सांगितलं की पर्याय तयार करायला घेतला असता तर तिनं आधी मूळ यंत्रच बंद केलं असतं. बोलताना चेहऱ्यावरची सुरकुती हलली नाही. त्या बाई मी पाहिल्यात. साहेबांचा हिशोब बरोबर होता.

माझी त्यांची गाठ मोटारीमुळं पडली. आमची मखमलाबादला भाजीची आणि झेंडूची जमीन, विहिरीवरची मोटार जळून जळून मी वायंडिंग शिकलो. त्यांच्या जनरेटरचं काम करायला गेलो, तर काम झाल्यावर त्यांनी मला खुर्चीवर बसवलं आणि विचारलं, "अंधारात विहिरीवर जायचंय. हातात बॅटरी आहे. आणखी काय घ्याल?"

म्हणलं, "कंदील."

"दुसरी बॅटरी का नाही?"

"सेल एकाच दुकानातले असतील ना."

साहेब उठले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला. माझं शिक्षण किती ते त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, कारण मला लपवायची सवय नाही. म्हणाले, कंदील म्हणणारा माणूस मी इंजिनियरांत शोधतोय, मिळत नव्हता.

तर त्यांनी उभं काय केलं होतं ते सांगतो. सातपूरला लाइट गेली की बॅटऱ्या. बॅटऱ्या उतरायच्या आत जनरेटर. आणि सातपूरच पूर्ण मेलं, तर नाशिकरोडला दुसरी खोली. पिठाच्या गिरणीच्या वरची, दहा बाय बाराची. तिथली लाइट वेगळ्या लाइनीवरची, टेलिफोन वेगळ्या एक्स्चेंजचा. लोकांच्या पेट्यांत दोन नंबर भरलेले असायचे. पहिला लागला नाही की पेटी दुसरा लावायची, म्हणजे नाशिकरोडचा. पण एक मेख होती. मशीन मेलेलं असलं तरी टेलिफोनची घंटा वाजत राहिली, तर पेटीला वाटायचं समोर कोणीतरी आहे. त्यासाठी साहेबांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात, स्वतःच्या वेगळ्या सेलवर चालणारं एक यंत्र बसवलं. ते मशीनला दर अर्ध्या मिनिटाला विचारायचं, आहेस का? मशीननं ओ दिली की गप्प. लागोपाठ तीनदा ओ आली नाही की डबा मशीनवरचे सगळे टेलिफोन तोडायचा आणि नाशिकरोडला घंटा वाजवायचा. आम्ही त्याला हाकेचा डबा म्हणायचो. त्याच्यावर शेवटपर्यंत बिस्किट खाणाऱ्या बाळाचं चित्र होतं.

नाशिकरोडला सुमन बसायची. गिरणीवाल्याची मुलगी, बारावी झालेली, बोलायला तिखट. तिच्याकडं महिनोन्‌महिने एक खरा फोन यायचा नाही. लोक तिला विचारायचे की तुला पगार कशाचा मिळतो. ती म्हणायची, न झालेल्या कामाचा.

आता मंगळवारचं सांगतो. त्यात माझी चूक आहे. सांगायला मला लाज नाही.

साहेबांचा नियम होता, दर मंगळवारी अकरा वाजता ते स्वतः मेन स्विच पाडायचे. बॅटऱ्या चालतात का, जनरेटर उठतो का, मग मशीनही बंद करून सुमन घेते का, हे सगळं तपासायचं आणि रजिस्टरात लिहायचं. दोन वर्षं प्रत्येक मंगळवारी 'पास'. एकही नापास नाही. मला त्या रजिस्टराचा अभिमान होता. आयुष्यात पहिल्यांदा मी कुठल्या वहीत एवढा पास होत होतो.

आणि पास व्हायचं म्हणून मी काय करायचो? सोमवारी संध्याकाळी बॅटऱ्यांत पाणी भरायचो, टर्मिनलं घासायचो, जनरेटरात काठोकाठ डिझेल ओतायचो. मग नाशिकरोडला फोन करायचो, "सुमन, उद्या मंगळवार हाय गं." ती म्हणायची, "माहितीये मामा, बसते."

लोडशेडिंगच्या दिवसांतला एक शनिवार. आठवडाभर लाइट येत-जात होती, बॅटऱ्या पोटभर चार्ज झालेल्या नव्हत्या. डिझेल शुक्रवारीच तळाला गेलेलं. मी पाहिलं होतं. म्हणलं, सोमवारी भरू. दुपारी लाइट गेली, बॅटऱ्या पंधरा मिनिटांत बसल्या, जनरेटर दोनदा खोकला आणि गप्प. हाकेच्या डब्यानं आपलं काम चोख केलं, टेलिफोन तोडले, नाशिकरोडला घंटा वाजवली. नाशिकरोडला खोलीत कोणी नव्हतं. सुमन रेशनच्या रांगेत होती. शनिवारी कोण येतंय बघायला?

मी डिझेल आणून जनरेटर उठवीपर्यंत चाळीस मिनिटं गेली. त्या चाळीस मिनिटांत पिंपळगावच्या एका कोल्ड स्टोरेजचा कॉम्प्रेसर थांबला. तिथली पेटी आम्हाला फोन लावत राहिली, ठरलेल्या वेळा लावून थकली आणि गप्प बसली. तिथली माणसं लग्नाला गेलेली. संध्याकाळी मालकानं दार उघडलं तेव्हा आतून गरम द्राक्षांचा वास आला.

सेंटरमध्ये साहेबांचे एक भागीदार होते, वयानं तरुण, आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. शेठ म्हणाले की टेलिफोनची लाइन खराब होती असं कळवून टाकू, कोण तपासणार आहे. साहेब दुसऱ्या दिवशी मला घेऊन पिंपळगावच्या एसटीत बसले. वाटेत मी त्यांना सोमवारचं सगळं सांगितलं, पाणी, डिझेल, सुमनला फोन, काही ठेवलं नाही. म्हणलं, काढायचं असेल तर काढा मला. ते खिडकीबाहेर बघत होते. ओझर मागं गेल्यावर म्हणाले, "मिस्त्री, आपलं सेंटर फक्त मंगळवारी पक्कं होतं. हे तुम्ही आज बोललात. मला दोन वर्षांत दिसलं नाही."

कोल्ड स्टोरेजचा मालक बागाईतदार, मोठा माणूस. खोक्यांच्या थप्प्यांमध्ये उभा होता. साहेब त्याच्यासमोर उभे राहिले आणि सांगितलं, "चाळीस मिनिटं आमच्याकडं ऐकायला कोणी नव्हतं. चूक आमची." मग मंगळवारची सगळी गोष्ट जशीच्या तशी सांगितली. तो माणूस ओरडला असता तर बरं झालं असतं. त्यानं पान्हा मागवला, भिंतीवरची आमची पेटी स्वतःच्या हातानं काढली आणि साहेबांच्या हातात दिली. म्हणाला, "माझा माल मंगळवार बघून सडत नाही."

साहेबांनी ती पेटी नाशिकपर्यंत मांडीवर आणली. आल्या आल्या मेन स्विचच्या वर खिळा ठोकला आणि तिथं लटकवली, तशीच, वायरी लोंबत असलेली. शेठनी ती किती वेळा काढायला सांगितली. ती तिथंच राहिली.

आणि मग साहेबांनी रजिस्टर बंद करून मला खटका दिला. म्हणाले, आता मेन स्विच मिस्त्री पाडतील, कधी ते मला सांगणार नाहीत, सुमनला नाही, शेठना नाही. एकदा खाली आला की जनरेटर उठेपर्यंत किंवा नाशिकरोडहून फोन येईपर्यंत वर जाणार नाही, कोणीही सांगितलं तरी. मी विचारलं, वार कुठला धरू? म्हणाले, धराल तो वार तुमचा मंगळवार होईल.

मी रात्रभर विचार करत बसणाऱ्यातला नाही. सकाळी दुकानातून पत्त्यांचा जोड आणला. रोज चहाच्या टपरीवर गड्डी पिसायची आणि एक पान ओढायचं. एक्का नसला तर परत आत. एक्का पडला की त्या दिवशी खटका. लाल एक्का असला तर नुसती लाइट बंद करायची. काळा असला तर बॅटऱ्यांसकट सगळं. मग दुसरं पान ओढायचं, ते वेळ सांगायचं, पंजा आला तर पाच, राणी आली तर बारा. साहेबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी गड्डी हातात घेऊन पानं मोजली, बावन्न आहेत ना बघितलं, आणि परत दिली. शेठ हसले. आमचं सेंटर म्हणे जुगारावर चालतं.

सुरुवातीला आम्ही लय नापास झालो. बुधवारी बॅटरीची तार गंजलेली, रविवारी सुमनचा टेलिफोन आईनं नीट न ठेवलेला. प्रत्येक नापासाला साहेब खूश व्हायचे, जसं काही पाहुणा आला. सहा महिन्यांनी नापास होणं कमी झालं. सुमन आता रेशनला जाताना बापाला खुर्चीवर बसवून जायची आणि तो हलला तर त्याचं काही खरं नसायचं.

त्याच वर्षी शेठनी दुसरी खोली बंद करायचं ठरवलं. त्यांचं म्हणणं, नवीन दोन मशीनं घेऊ, दोन्ही सातपूरलाच शेजारी शेजारी ठेवू, एक पडलं तर दुसरं. नाशिकरोडचं भाडं कशाला. साहेब म्हणाले, शेजारी ठेवलेली दोन म्हणजे एकच. शेठ म्हणाले, "तुमचं हे वाक्य ऐकून ऐकून मी म्हातारा व्हायला लागलोय." भांडवल शेठचं होतं. महिनाअखेर खोली जाणार, सुमन जाणार, आणि खटक्याचं तर काही कारणच उरणार नव्हतं. साहेब नेहमीसारखे येत होते, पण दोन्ही घड्याळांना किल्ली द्यायला जायचे आणि उजव्या हातातल्याला किल्ली नाही हे मग त्यांच्या लक्षात यायचं.

तेवढ्यात मुंबईच्या एका बँकेची माणसं सेंटर बघायला येणार असं कळलं. जिल्हाभरातल्या सगळ्या शाखा आम्हाला द्यायच्या का, हे बघायला. शेठनी भिंती रंगवल्या, जनरेटरसुद्धा हिरवा रंगवला. आदल्या दिवशी मला बाजूला घेऊन सांगितलं, "मिस्त्री, उद्या तुमचा पत्त्यांचा खेळ बंद. उद्या काही झालं तर परवा यायचं नाही." साहेब तिथंच होते. त्यांनी ऐकलं.

दुसऱ्या दिवशी टपरीवर पान ओढलं. इस्पिकचा एक्का. दुसरं ओढलं. राणी.

बारा वाजता पाहुणे ऐन खोलीत असणार होते. पान परत गड्डीत घालून पिसलं असतं तर कोणाला कळलं असतं? चहावाल्यालाही नाही. मी चहा संपवला, दोन्ही पानं खिशात घातली आणि माडी चढलो. मला त्या पिंपळगावच्या खोलीतला वास आठवत होता. पाहुण्यांच्या दिवशी खटका पडणार नसेल तर तो पण मंगळवारच झाला.

मुंबईहून दोघं आले होते. त्यांतल्या थोरल्या एक बाई होत्या, केस पिकलेले, कमी बोलणाऱ्या. शेठ त्यांना सांगत होते की लाइट गेली तर आमचा जनरेटर दहा सेकंदांत उठतो, त्यामुळं दुसऱ्या जागेची आता गरज उरलेली नाही. भिंतीवरच्या घड्याळात बारा झाले. मी उठलो, मेन स्विच पाडला, मग बॅटऱ्यांचा पाडला.

पंखा थांबला. मशीन थांबलं. छापणारी पट्टी अर्ध्या नंबरावर अडकली. खाली जनरेटरनं एकदा दम घेतला, सोडला. दुसऱ्यांदा घेतला, सोडला. तिसऱ्यांदा नुसता टक् आवाज आला.

शेठ म्हणाले, "मिस्त्री, वर करा तो."

मी स्विचला पाठ लावून उभा राहिलो.

"मी मालक आहे इथला. वर करा."

म्हणलं, "नाशिकरोडचा फोन आल्यावर."

शेठ साहेबांकडं वळले, "सांगा तुमच्या माणसाला."

साहेब दोन्ही मनगटं पुढं धरून घड्याळं बघत होते. मान वर न करता म्हणाले, "त्या खटक्यावर माझं चालत नाही."

हाकेच्या डब्याला तीन हाका द्यायच्या असतात. तीन हाका म्हणजे दीड मिनिट. दीड मिनिट किती असतं हे ज्याला बघायचं असेल त्यानं भरल्या खोलीत एकदा गप्प उभं राहून बघावं. खाली जेवणाची सुट्टी, स्प्रिंगांचं मशीनही बंद होतं. बाईंनी एकदा माझ्याकडं बघितलं, एकदा माझ्या डोक्यावर लटकलेल्या त्या मेलेल्या पेटीकडं. तिसऱ्या हाकेला डब्यात टिक् झालं. मग आणखी थोडा वेळ काहीच नाही.

टेबलावरचा काळा फोन वाजला. साहेबांनी उचलायच्या आत बाईंनी उचलला. सुमनला काय माहीत कोण आहे. तिचा आवाज सगळ्या खोलीत ऐकू आला.

"सातपूर पडलं. मी घेतलंय. दिंडोरीची एक पेटी आत्ता माझ्याकडं बोलली, रोजची चाचणी. मामांना सांगा, जेवत होते मी, हात खरकटा आहे."

मी खटका वर केला. लाइट होतीच, ती आली. मग खाली जाऊन जनरेटर बघितला. रंगवताना रंग उडू नये म्हणून त्याच्या हवेच्या तोंडाला प्लॅस्टिक बांधलं होतं, ते सोडायचं राहिलेलं. ते प्लॅस्टिक मी वर आणलं आणि टेबलावर ठेवलं. त्याला हिरवा रंग लागलेला होता. शेठ त्याच्याकडं बघत राहिले.

बाईंनी विचारलं, आजच, आत्ताच स्विच पाडायचा हे कोणी ठरवलं. मी खिशातून एक्का आणि राणी काढून प्लॅस्टिकशेजारी ठेवली. बाई पहिल्यांदा हसल्या. मग साहेबांना म्हणाल्या, "आणि त्या मुलीचा फोन आला नसता तर?"

"तर आम्हाला काम देऊ नका," साहेब म्हणाले. आणि वर लटकलेल्या पेटीकडं बोट करून त्यांनी पिंपळगावची गोष्ट सांगायला घेतली. शेठ मध्ये बोलायला गेले. बाईंनी हात वर केला.

गोष्ट संपल्यावर बाई पर्स घेऊन उठल्या. म्हणाल्या, "मला ती खरकट्या हाताची मुलगी बघायचीय." आणि सगळे गाडीत बसून नाशिकरोडला गेले. मला पुढच्या सीटवर बसवलं. शेठ मागं मधोमध अंग चोरून.

काम मिळालं. कागदात अट आली, नाशिकरोडची खोली चालू ठेवावी लागेल. तो कागद शेठनी स्वतः टाइप करून घेतला आणि मला वाचून दाखवला. मी म्हणलं, परत एकदा वाचा, मला नीट ऐकू आलं नाही. आलं होतं.

परवा यायचं नाही असं त्यांनी सांगितलं होतं. मी आलो. त्यानंतर नऊ वर्षं आलो. साहेब शेवटी मुलीकडं राहायला गेले आणि तिकडंच वारले. सुमन आता दोन पोरांची आई आहे, तिनं फोन करून सांगितलं. पोचायला मला उशीर झाला, पण गेलो. त्यांच्या टेबलावर दोन्ही घड्याळं होती. किल्लीचं थांबलं होतं, सेलचं चालू होतं. मी किल्ली दिली आणि निघालो.

आता मी मुलाकडं, इंदिरानगरला राहतो. त्यानं इन्व्हर्टर घेतलाय, दोन बॅटऱ्यांचा, दोन्ही एकाच कंपनीच्या, एकाच दुकानातून, एकाच दिवशी. मी बोललो, त्यानं ऐकलं नाही. गड्डी माझ्या उशीखाली असते. रोज सकाळी एक पान ओढतो. घरात सगळ्यांना माहीत आहे, सगळे चिडतात, आणि मीटर बॉक्सची किल्ली जानव्यासारखी माझ्या गळ्यात असते.

आज सकाळी किलवरचा एक्का आला. काळा, म्हणजे इन्व्हर्टरसकट सगळं. दुसरं पान अठ्ठी. आठला तीन मिनिटं कमी आहेत. मुलगा आत कॉम्प्युटरवर कोणाशी तरी इंग्रजीत बोलतोय. सूनबाईनं चटणी मिक्सरला लावलीय. पाटा-वरवंटा मी ओट्याखाली ठेवून घेतलाय, भंगारात देऊ दिला नाही. तो तिला सापडतो का, बघू.